सुनंदाच्या केळीला मी चार दिवस पाणी घातलं नाही

मंडळी, आज दुपारी धुळ्यात एका लग्नात सुनंदा भेटली आणि जुनं सगळं पुन्हा वर आलं.

नव्वदच्या आसपास आम्ही दोघं जळगावात पीएचडी करत होतो, दोघांनाही केळीवरच्या कामासाठीच फेलोशिप. ठिबकच्या कारखान्यात दोन महिन्यांच्या कामासाठी दोघांनी अर्ज केला, निवड तिची झाली. आमचे मार्गदर्शक सर तिला म्हणाले, "जा, पण फेलोशिपचं काम थांबता कामा नये." मग तिच्या केळीच्या रोपांना पाणी घालून रोज नोंद करायचं माझ्या गळ्यात पडलं.

ती कारखान्याच्या जीपमधून जायची, मी हातात झारी घेऊन बघायचो. एकदा डोकं फिरलं. चार दिवस पाणीच घातलं नाही. पण नोंदवहीत खोटं लिहायला हात धजेना. चारही दिवस शून्य लिहिलं.

आज तीच हसत म्हणाली, "माले बठ्ठं माहीत शे रे, अगदी सगळं! ती शून्यं बघून रडले होते. पण रोपं तगली होती. कमी पाण्यावरच्या केळीचं माझं संशोधन तिथूनच सुरू झालं."

म्हणजे कारखानाही तिचा आणि संशोधनही तिचंच!

तिनं माफ केलं, तरी माझी जळजळ का जात नाही, सांगा बरं? त्या चार दिवसांत माझ्या रोपांना मी न चुकता पाणी घातलं होतं.