खिचडीवाल्या ताईंना न येणारं इंग्रजी

महालाजवळच्या एका मनपा शाळेत सिंधूताई मेश्राम एकोणीस वर्षांपासून खिचडी शिजवतात. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नाही, पण चौथीपर्यंतच्या इंग्रजी पुस्तकांतल्या सगळ्या गोष्टी ठाऊक. कारण सकाळी त्या तांदूळ निवडायला बसल्या की पोरी पुस्तक घेऊन समोर येतात. एक ओळ वाचायची, तिचा अर्थ ताईंना सांगायचा, मग पुढची. चूक काढणारं कोणी नाही, त्यामुळे सगळ्या बिनधास्त वाचतात.

त्या दिवशी तिसरीची वाचन चाचणी होती. मिनिटाला इंग्रजीचे तीस शब्द वाचले तर सेमी-इंग्रजीच्या तुकडीत जागा, नाही तर ती गेली. चाचणी घ्यायला बाहेरून जितेंद्र सर आले होते. वर्गशिक्षिकेने खोलीत थांबायचं नाही, असा नियम.

ताई चहा घेऊन गेल्या, तेव्हा सरांसमोर तिसरीतली उन्नती पुतळ्यासारखी बसली होती. सरांच्या मोबाइलवर मिनिट संपलं. तिने एकही शब्द वाचला नव्हता.

"हिले वाचता येते, सर. रोज मले वाचून दाखवते."

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"नाही येत. म्हणून तर दाखवते."

सर हसले, पण पेन शून्याकडे निघालंच होतं. "नियम आहे, ताई. इथं कोणाला थांबता येत नाही."

"तो मॅडमसाठी ना? मी तर खिचडीवाली. बसू द्या मले इथं."

सरांनी चाचणीच्या नियमांचा कागद उलटून पाहिला. दुसरी संधी देता येते, असं बारीक अक्षरांत छापलं होतं. खिचडीवालीबद्दल कुठेच काही नव्हतं.

ताई दाराशी फतकल मारून बसल्या. "वाच वं उन्नती. कोनाची गोष्ट आहे?"

"बदकाची."

सरांनी मोबाइल सुरू केला. उन्नतीने ओळीवर बोट ठेवलं, पहिली ओळ घडाघडा वाचली, आणि सवयीने मान वर करून अर्थ सांगू लागली, "म्हंजे ताई, ते बदक..."

ताईंनी मोबाइलवरचे पळते आकडे पाहिले. "समजलं मले. पुढं वाच."

उन्नती क्षणभर चक्रावली. मग वाचत सुटली. प्रत्येक ओळीला ताई, "समजलं, समजलं," म्हणत मान डोलवत होत्या.

मोबाइल वाजला. चौतीस.

"झालं बेटा. जा आता, पुढच्याला पाठव."

उन्नती उठेना. "सर, ताईले काहीच नाही समजलं. उगाच म्हनून राहिली ते. सांगाचं आहे मले."

सरांनी चौतीस लिहिले, पेनाला टोपण लावलं आणि चहाचा कप जवळ ओढला.

"सांग," ते म्हणाले.