तिसरा द्रोण

आदिलाबाद जिल्ह्यात कापसाच्या खालोखाल कशाचं पीक येत असेल तर ते रागाचं, आणि त्यातला अर्धाअधिक माल मावला गावातल्या शिंदीखान्याच्या फाटकाशी बसणारी मावशी एकटी पिकवत होती. मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण नव्हे. ती अख्ख्या मावल्याची मावशी. पोतं अंथरून बसायची, उकडलेले चणे आणि तळलेल्या मिरच्या पळसाच्या द्रोणातून विकायची, आणि ज्यांना विकायची त्यांच्यावरच दात-ओठ खायची. शिंदी तिनं जन्मात चाखली नव्हती. "बैलाच्या मुतात साखर टाकली का झाली शिंदी," असं ती आत निघालेल्या माणसाच्या तोंडावर सांगायची आणि त्याच दमात विचारायची, "मिरची देऊ का?" तिचा राग कुणावरही निघे. एकदा एका बकरीनं टोपलीत तोंड घातलं. मावशीनं आधी बकरीला झापलं, मग बकरीवाल्याला, मग हे बघून हसणाऱ्या पोलिसाला. पोलिसानं टोपी काढून माफी मागितली आणि एक द्रोण घेतला. बकरीनं माफी मागायची तेवढी राहिली.

पण या सगळ्या आरडाओरड्यात तिचा एक कायदा होता. तिसरा द्रोण ती कुणालाही देत नसे. आमच्याकडे चण्यांवाचून शिंदी घशाखाली उतरत नाही, त्यामुळे द्रोण बंद म्हणजे बैठक बंद. प्रत्येकाच्या पायाशी पडलेले रिकामे द्रोण तिला फाटकातून दिसायचे. तिसरा मागायला कुणी आला की ती टोपलीवर फडकं टाकायची आणि म्हणायची, "बस झालं. घरी जाय. पोट्टे वाट पाहून राह्यले." कापसाच्या गाठी पाठीवर वाहणारे दांडगे हमाल मान खाली घालून चपला शोधायला लागायचे. एका मास्तरांनी एकदा वाद घालून पाहिला. "मावशी, मी शिकलेला माणूस आहे."

"मंग दोनपर्यंत मोजता येत असन तुले," मावशी म्हणाली.

मी मंगळवेढ्याकडचा. आठवीत शाळा सोडली आणि कापसाच्या जिनिंगवर कामाला म्हणून इथं येऊन पडलो. तेलुगू येत नव्हती, हिंदी घाबरत घाबरत बोलायचो; खोलीला कुलूप लावलं की नाही हे बघायला अर्ध्या वाटेवरून परत जायचो. अजूनही जातो. पहिल्यांदा शिंदीखान्यापाशी आलो तेव्हा आत जावं की पळून जावं, काही सुचत नव्हतं. तेवढ्यात खालून आवाज आला, "काऊन रे, खांबावानी उभा काऊन राह्यला? तोंड पाह्य कसं झालं, वाळल्या वांग्यावानी! शिंदी मंग ढोसजो, पयले हे खाय." कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्यावर मराठीत ओरडलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरची तिखट आहे, असं मी तिला सांगितलं. मिरची मी अजून घेतलीच नव्हती.

तिनं मलाही पुढं कधीतरी तिसऱ्या द्रोणाला अडवलं. "घरी जाय."

"माझी इथं कोण वाट बघतंय, मावशी?"

ती अशी भडकली की शेजारचा कुत्रा उठून गेला. "मी काय मेली का? खोलीत गेला का बल्ब दोनदा लाव-बंद कर. तवर मी पोतं उचलत नाई." शिंदीखान्याच्या मागच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर माझी खोली. शिंदीखान्याच्या पत्र्याच्या बुटक्या छपरावरून खोलीची खिडकी फाटकातून दिसायची. तेव्हापासून मी रोज बल्ब दोनदा लावायचो, मग खाली पोतं झटकल्याचा आवाज यायचा. तो आला की मला झोप लागायची.

मग मालकाचा मुलगा हैदराबादहून परतला आणि त्यानं शिंदीखाना नवा केला. मातीच्या जमिनीवर चकचकीत फरशी, एसी, काचेचं दार, आणि वर इंग्रजी नावाची दिव्यांची एवढी थोरली पाटी. ते नाव मला अजून धड वाचता येत नाही. मावल्यात दोन तट पडले. तहसीलमधले रिटायर्ड बाबू खूश, कारण आता संडासाला दार होतं. मास्तर खूश, कारण आत बसलेला माणूस बाहेरून दिसत नव्हता. बायाही आधी खूश होत्या. नवरा निदान माश्यांत तरी बसत नाही. पण बेला गावाकडून बाजाराला येणाऱ्या म्हाताऱ्या काचेच्या दाराशी चपला काढून उभ्या राहायच्या, आत सोफा बघायच्या आणि चपला घालून परत जायच्या. मला विचाराल तर त्या दाराला दगड मारावा, असं रोज वाटायचं. मारला नाही. मी भित्रा आहे.

मावशीला रस्त्यापलीकडे नालीवर हलवलं. आता चणे आतच मिळायचे, चिनीमातीच्या बशीत, वर कोथिंबीर घालून. रिकामी बशी वाढणारा पोरगा लगेच उचलून न्यायचा, त्यामुळे कुणाचं किती झालं हे बसणाऱ्यालाही कळत नसे. मावशी पलीकडून घसा फोडून ओरडायची, पण काचेतून आवाज जात नव्हता. आतून बघणाऱ्यांना नुसते तिचे हात हललेले दिसायचे. काही जण तिला उलटा हात हलवून दाखवायचे.

एका संध्याकाळी आमचा एक हमाल बाहेर आला, मोटारसायकलवर बसला आणि रस्ता सरळ ओलांडून मावशीसमोरच्याच नालीत गेला. हात मोडला. त्याची बायको धावत आली. ती मालकाला काही बोलली नाही, नवऱ्यालाही नाही. चिखलात उभी राहून तिनं मावशीलाच विचारलं, "तू कुठं होती, मावशी?"

मावशीनं टोपलीवर फडकं टाकलं. मग उठली, चिखलाच्या चपलांसकट काचेचं दार ढकलून आत गेली. मी मागोमाग. सगळे बशा खाली ठेवून उभेच राहिले, वर्गात मुख्याध्यापक आल्यासारखे. रिटायर्ड बाबूंनी तर हात मागं बांधले.

मालकाचा मुलगा वाईट नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यानं तिला खुर्ची दिली. म्हणाला, "मावशी, रागावू नका. तुमच्या चण्यांची चव आमच्या कुकला जमत नाही. तुम्ही आत या, किचन सांभाळा. फक्त टोपी घालावी लागेल."

"टोपी घालतो," मावशी म्हणाली. एवढ्या हळू आवाजात ती बोलते हे आम्हाला माहीत नव्हतं. "अन् तिसरा द्रोण मांगला तं?"

तो हसला. "द्यायचा ना. मागतील तेवढा द्यायचा."

"मंग तूच दे," मावशी म्हणाली, आणि चिखलाचे ठसे उमटवत निघून गेली. त्याच आठवड्यात ती लेकीकडे बेल्लमपल्लीला गेली. टोपली नेली, पोतं माझ्या दाराशी टाकून गेली.

मी अजून कधी कधी तिथं जातो. दुसरीकडे मराठी ऐकायला मिळत नाही. दुसरी बशी संपते न संपते तोच पोरगा वाकून विचारतो, "और लाऊँ, सर?" जन्मात मला कुणी सर म्हटलं नव्हतं. इतका संताप येतो की मी उठून खोलीवर येतो.

परवा लेकीच्या फोनवरून मावशीचा फोन आला. ना राम राम, ना कसा हायस. "खोलीवर गेला का?"

"आलो."

"बल्ब लावला?"

"लावला, मावशी."

"मले दिसला नाई."

"अहो, बेल्लमपल्लीवरून कसा दिसंल?" खिडकीपुढं आता ती पाटी आहे आणि फाटकातूनही काही दिसत नाही, हे मी सांगितलं नाही.

"जास्त शिकला का रे तू?" ती कडाडली. "लाव म्हटलं तं लाव!"

मी फोन कानाशी धरून उठलो. बल्ब बंद केला, लावला. बंद केला, लावला.

"हां," मावशी म्हणाली. "झोप आता."