दोन मतांचं डिस्ट्रिक्ट

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिला सांगितलं तर ती चप्पल घालून थेट कुंपणापलीकडे जाईल — तिथे जोशीकाका राहतात.

टेक्ससमध्ये गावाबाहेर नवी वस्ती उठवायची तर आधी पाण्या-सांडपाण्याचं डिस्ट्रिक्ट, म्हणजे एक छोटी सरकारी संस्था, स्थापन करावं लागतं. त्याला कर बसवता येतो, हद्दीबाहेरची, आजूबाजूची जमीनही सक्तीनं घेता येते. मात्र मतदान हवं, आणि मत तिथे राहणाऱ्यांचंच. उजाड माळावर राहणार कोण? मग बिल्डर एक ट्रेलर उभा करतो आणि आपली दोन माणसं त्यात राहायला धाडतो.

त्यातला एक मी. दुसरा माझ्याच ऑफिसातला. आम्ही बिल्डरकडे इंजिनियर होतो — नाही म्हणता आलं नसतं का? आलं असतं. पण वस्तीत सवलतीत प्लॉट मिळणार होता.

नुकताच अमेरिकन नागरिक झालो होतो. शपथविधीला पेढे घेऊन आले होते ते जोशीकाकाच, नागपूरचे. इथे नवा होतो तेव्हा वर्षभर त्यांच्याकडे जेवलोय. "पहिलं मत विचार करून दे हं," म्हणाले होते. लग्न अजून व्हायचं होतं; मी महिनाभर ट्रेलरमध्ये झोपलो आणि दिलं. दोन विरुद्ध शून्य.

वर्षभरात काकांना नोटीस आली. सांडपाण्याच्या प्लँटसाठी त्यांच्या जमिनीचा मागचा तुकडा हवा होता — काकूंनी वारण्याआधी लावलेली संत्र्याची झाडं होती तो. काका कागद घेऊन माझ्याकडेच आले. दुसरं कोण होतं त्यांना?

"अरे, इलेक्शन झालं कधी? म्हणे दोनच मतं पडली. तू इंजिनियर ना, जरा चेक कर, कोण होते ते दोघं. काउंटीच्या ऑफिसात नावं मिळतात."

मी अर्धा दिवस रजा टाकली. काउंटी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो, आणि परत आलो. नावं मिळत नाहीत म्हणून सांगितलं. त्यांनी मान डोलावली — त्यांना शंकासुद्धा आली नाही.

पण खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे. मत देताना मला कळलं नव्हतं असं तुम्हाला वाटेल. कळलं होतं. प्लँटचा नकाशा मीच काढला होता. काकूंच्या झाडांवर तो चौकोन मीच बसवला होता, मतदानाच्या आधी. जागा दुसरीकडेही होती, फक्त पाइप लांब पडला असता.

आता त्याच सवलतीच्या प्लॉटवर माझं घर आहे, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो प्लँट दिसतो. घर विकून जावं म्हटलं तर काकांना कारण काय सांगू? दर रविवारी ते कढीपत्ता घेऊन येतात. कुंपणाचं फाटक वाजलं की मी चहाचं आधण ठेवतो.

परवा चहा पिताना त्याच खिडकीशी उभे होते. म्हणाले, "ते दोघं इथे राहत नसणार रे. रोज हे बघावं लागलं असतं तर कोणी असं केलं नसतं."

मी म्हटलं, "हो काका." आणि त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.