भासऱ्यासमोरची साक्ष

आमच्या ऑफिसात ‘फुकट’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. ‘विनामूल्य’ म्हणायचं. थोरल्या वकिलांनी तशी पाटीच रंगवून घेतली होती, ‘गोरगरिबांस विनामूल्य कायदेशीर साहाय्य, दर बाजारच्या दिवशी’. ती दारावर लागली त्या दिवशी पेढे वाटले होते. आज इतक्या वर्षांनीही ती पाटी आठवली की माझं डोकं तडकते. हो, तडकतेच. वऱ्हाडी माणूस आहे मी, संताप आला की पुस्तकी भाषा सुटते. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी नागपूरहून वकिलीची परीक्षा देऊन जळगाव जामोदला आलो आणि या दोघा भावांच्या ऑफिसात लागलो. थोरले वकील कोर्टात बोलायचे, धाकटे वकील कागद सांभाळायचे, आणि पाटीवरची सगळी सेवा माझ्या अंगावर यायची. फी देणारा अशील आत, खुर्चीवर. विनामूल्यवाले बाहेर ओसरीवर, चपला काढून. चहा आत जायचा. ओसरीवर माठ होता.

तसं बघितलं तर वाईट माणसं नव्हती ती. गावात मान होता, बोलणं गोड होतं. लोक म्हणायचे, अशी दिलदार माणसं तालुक्यात नाहीत. मीही म्हणायचो. ते आठवून आता माझं मलाच थोबाडावं वाटते.

एका बाजारच्या दिवशी ओसरीवर एक बाई आली. तिशीच्या आतली, नवरा जाऊन वर्ष झालेलं, पदराशी दोन लहान पोरी. सोबत माहेरचा भाऊ. नवरा आणि त्याचा थोरला भाऊ यांच्यात मिळून सातपुड्याच्या अंगाला एक मळा होता, विहिरीचा. मिरची, वांगी, मेथी. नवरा गेल्यावर तेरवी आटोपली आणि भासऱ्यानं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, तिला छकड्यात घालून रजिस्टर कचेरीत नेलं. वारसाची नोंद करा लागते म्हणाला. अंगठा घेतला. तो कागद निघाला हक्कसोडपत्र. अर्धा मळा तिनं राजीखुशीनं भासऱ्याला सोडून दिला, असं त्यात लिहिलेलं. आता भासरा म्हणत होता की पोरींना घेऊन माहेरी जा.

एवढंच होतं प्रकरण. कागद फसवून केला हे कोर्टात शाबीत झालं तर अर्धा मळा तिचा आणि पोरींचा. नाही झालं तर भावाच्या दारात जन्मभर भाकरी थापायची, भावजयीचं तोंड बघत.

हे सगळं मला तिच्या भावानं सांगितलं. मी विचारत होतो त्याला, लिहून घेत होतो त्याच्याकडून. ती खांबाला टेकून बसली होती, पदर नाकापर्यंत. मी तिला एक प्रश्न विचारला नाही. एकही नाही! लिहायलाच बसलो आहे तर खरं लिहितो. शेवटी वकीलपत्रावर अंगठा उमटवायला तिचा हात तेवढा पुढं आला.

दावा लागला. आता साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करण्याआधी तयार करावं लागते, हे वकिलीतलं शेंबडं पोर जाणते. फी देणाऱ्या अशिलाला धाकटे वकील दोन-दोन दिवस समोर उभं करायचे, विरुद्ध बाजूचा वकील होऊन आडवेतिडवे प्रश्न विचारायचे, चुकला की थांबवायचे. मी थोरल्या वकिलांना म्हटलं, या बाईलाही एक दिवस बोलावू या.

ते चष्म्यावरून बघून हसले. “अहो, तिला काय तयार करायचं? गरीब बाई आहे, खरं बोलेल. आपलं काम सेवेचं, त्यात इतका खल कशाला?”

गरीब बाई आहे, खरं बोलेल. वा रे वा! श्रीमंताला खरं बोलायला दोन दिवस लागायचे, आणि हिनं कोर्टाची पायरी चढता चढता शिकून घ्यायचं. मी त्यांना असं काही म्हटलं नाही. ‘बरं साहेब’ म्हटलं. साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली तिला गाठलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, “खरं ते सांगा, भिऊ नका.” झाली आमची तयारी.

मुनसफ, म्हणजे तालुक्याचे न्यायाधीश, पुण्याकडचे होते, नवीनच बदली होऊन आलेले. आमची भाषा त्यांना कळायची नाही. आले त्या आठवड्यात एका म्हाताऱ्या साक्षीदारानं त्यांच्या प्रश्नावर ‘हाव’ म्हटलं तर ते म्हणाले, “हाव? कसली हाव?” सगळं कोर्ट हसलं. मग कारकुनानं उठून अदबीनं समजावलं, की साहेब, इकडं हाव म्हणजे होय. त्यांनी मान हलवली, लक्षात ठेवलं.

अर्धंच लक्षात ठेवलं, हा सगळा घोळ. आमच्याकडं हाव म्हणजे होय, हे खरंच. पण वडीलधारा बोलत असला की खाली मान घालून मधे मधे हाव म्हणत राहा लागते. ऐकून राहिली, बोला तुम्ही, एवढाच त्याचा अर्थ. न म्हटलं तर उर्मट. आणि भासऱ्यासमोर तर बाई बोलतच नाही. तो ओट्यावर असला तर ती मागच्या दारानं जाते. त्याचं नाव घेत नाही, त्याच्याकडं बघत नाही, त्याच्या समोर ‘नाही’ हा शब्द काढणं तर दूरच. हे मला कोणी सांगायला नको होतं. माझ्या घरात माझी आई तशीच वागत होती.

आणि भासरा समोरच बसला होता. प्रतिवादी तो, त्याला कोण बाहेर काढणार? पांढरं धोतर, नवी टोपी, पिंजऱ्यापासून चार हातांवर. ती पिंजऱ्यात चढली, त्याला पाहिलं आणि पदर होता त्याहून खाली ओढला.

माझ्या प्रश्नांना तिनं कशीबशी उत्तरं दिली. छकड्यात नेलं? हाव. अंगठा घेतला? हाव. मला वाटलं, जमलं. मग विरुद्ध वकील उठला. हा आमच्याच भागातला, आमच्याच मातीतला, सगळं जाणून. आवाज चढवला नाही त्यानं. घरातला मोठा माणूस बोलते तसा बोलू लागला.

“हे पाहा बाई, तुमचा माणूस गेला, मोठं दुःख झालं.”

“हाव.”

“भासऱ्यानं तुमाले कचेरीत नेलं. तिथं कागद वाचून दाखवला.”

“हाव.”

“तुमाले तो समजला. आता बाईमाणसानं मळा कुठं सांभाळावा, म्हून तुमी आपल्या मर्जीनं हक्क सोडला.”

“हाव.”

प्रत्येक वाक्यानंतर तो जरासा थांबायचा. त्या थांबण्यात तिचा हाव यायचा, बारीक, खालमानेनं. आणि प्रत्येक हाव आला की मुनसफ कारकुनाला सांगायचे, लिहा, हे म्हणणे खरे आहे की मला कागद वाचून दाखवला. हे म्हणणे खरे आहे की मी राजीखुशीने हक्क सोडला. कारकून लिहीत होता. त्याला कळत नव्हतं? तो तर पक्का गावचा! पण त्यानं मान वर केली नाही.

मी उठलो. म्हटलं, साहेब, ही बाई होय म्हणत नाही आहे, ती ऐकते आहे असं म्हणते आहे. मुनसफांनी विचारलं, “वकीलसाहेब, साक्ष तुम्ही देताय की बाई?” पुन्हा हसले सगळे. थोरले वकील बाजूच्या बाकावर दुसऱ्या कामासाठी बसले होते, त्यांनी माझ्या कोटाची बाही ओढली. “बसा, बसा. गोंधळ करू नका.”

मी बसलो नाही. फेरतपासणी मागितली, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला पुन्हा विचारायची संधी. मिळाली. आणि आता माझ्या हातून जे झालं त्याचा दोष कोणाच्याच डोक्यावर टाकता येत नाही. घाईत, घाम पुसत, मी तिला विचारलं, “बाई, तुम्ही हक्क सोडला नाही ना?”

“हाव,” ती म्हणाली.

हाव, नाही सोडला. असं म्हणत होती ती! त्या सगळ्या सकाळीत एवढा एकच हाव तिचा स्वतःचा होता, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटते. उत्तर तोंडात घालणाऱ्या अशा प्रश्नाला विरुद्ध वकिलानं हरकत घ्यायला हवी होती. घेतली नाही. गालात हसत बसून राहिला. मुनसफांनी लेखणी थांबवली आणि खात्री करून घ्यावी म्हणून स्वतः विचारलं, “म्हणजे सोडला?”

कोर्टातला सगळ्यात मोठा माणूस बोलला होता. तिनं मान आणखी खाली घातली.

“हाव.”

निकाल विरुद्ध गेला. दुसरं काय होणार होतं? निकालपत्रात लिहिलं होतं, वादीने स्वतःच उलटतपासणीत आणि फेरतपासणीतही सर्व कबूल केले आहे. फेरतपासणीतही. तो शब्द मी किती वेळा वाचला असेन.

मी तडक ऑफिसात गेलो आणि बुलढाण्याला जिल्हा कोर्टात अपील करू म्हणालो. थोरल्या वकिलांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं. म्हणाले, हार-जीत चालायचीच, आपण सेवा केली ना, झालं.

“काय डोंबलाची सेवा केली?” मी ओरडलो. ओरडलोच. “तिचा मळा घालवला आपण! ती एकटी गेली असती तं इतकी वाईट हरली नसती!”

धाकटे वकील आतून धावत आले. थोरले वकील शांत. “आपली योजना तालुक्याच्या कोर्टापुरती आहे,” ते म्हणाले. “बुलढाणा त्यात बसत नाही. आणि हे बघा, तिनं पिंजऱ्यात तोंड उघडावं अशी तुमची अपेक्षा असेल तर ती तिच्याकडनं ठेवा, आमच्याकडनं नको.”

मी तेव्हाच ऑफिस सोडायला हवं होतं. नाही सोडलं. दोन वर्षं आणखी होतो तिथं, ओसरीवर बाजारच्या दिवशी. पण अपील मी स्वतः तयार केलं. धाकट्या वकिलांच्या टाइपरायटरवर, दुपारी ते जेवायला गेले की, चार दुपारी बसून. इंग्रजीत, मुद्देसूद, कलमं घालून. मला त्याचा अभिमान वाटला, कशाला खोटं बोलू. मुदत संपायला चार दिवस उरले होते. एकच गोष्ट राहिली होती, तिचा अंगठा.

एस.टी.नं फाट्यापर्यंत गेलो, पुढं पायी. ती मळ्यातच होती. भासऱ्यानं मिरचीच्या तोडणीपुरतं ठेवून घेतलं होतं, तोडणी झाली की माहेरी जायचं ठरलेलं. तो बाजाराला गेला होता. पदर डोक्यावर होता, पण तोंड मोकळं होतं. तिचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

“वकीलसाहेब,” ती म्हणाली, “त्या रोजी भासरे समोर बसतीन, हे तुमाले मालूम होतं ना?”

“होतं.”

“मंग मले काऊन उभं केलं?”

मी पिशवीतून कागद काढला, शाईचं पॅड काढलं, आणि अपील म्हणजे काय ते सांगू लागलो. वरच्या कोर्टात तिला उभं राहायचं काम नाही, तिथं वकीलच बोलतात. मला वाटलं, हे ऐकून तिला हायसं वाटेल. ती मिरच्या तोडत ऐकत होती. हाव म्हणत नव्हती.

मग तिनं पदर सावरला, हात पुसले आणि कागद मागितला. उलटसुलट करून पाहिला.

“काय लिहेल हाय यात?”

“कायद्याचं हाय ताई, इंग्रजीत हाय,” मी म्हणालो. “तुमाले नाही समजनार. तुमी फक्त अंगठा द्या.”

तिनं कागद माझ्याकडं परत धरला.

“भासरेबी कचेरीत असंच म्हनले होते,” ती म्हणाली. “नाही देत.”

बांधावर बसून तिला एकेक ओळ समजावून सांगायची, एवढंच करायचं होतं. अर्धा तास लागला असता. पण मला तिचाच राग आला. एवढं केलं हिच्यासाठी, चार दुपारी टाइप करत बसलो, ऊन डोक्यावर घेऊन इथवर चालत आलो, आणि ही मला त्या माणसाच्या ओळीत बसवते! मी कागदाची घडी घातली, पॅड खटकन बंद केलं आणि फाट्याकडं चालू लागलो.