नुसता पंटर

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात ट्रेनिंग देणाऱ्या बाईंनी सांगितलं, की पंटर म्हणजे कस्टमर, आणि अख्खी बॅच फिस्सकन हसली. परदेशातल्या एका सट्ट्याच्या कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी चॅटवर निस्तरायच्या, हे आमचं काम. तिकडे घोड्यावर पैसे लावणारा पंटर आणि दुकानात साबण घ्यायला आलेला तोही पंटर. आमच्याकडे पंटर म्हणजे भाईच्या मागे मागे फिरणारा, त्याच्यासाठी कुणाच्याही थोबाडीत देणारा आणि वेळ आली की त्याच्याऐवजी आत जाणारा. आम्ही का हसतोय ते बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी हे सांगितलं, तर बाबांनाही त्यात हसण्यासारखं काही दिसेना. ते इस्टेटमधल्याच एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर जन्मभर राबलेले. जेवणाच्या सुट्टीत मटक्याचा आकडा लावणाऱ्याला तिथे सगळे पंटरच म्हणत. आकडा घेणारा वेगळा, लावणारा पंटर वेगळा. मग इंग्रजांचं बरोबरच आहे की, असं म्हणून ते जेवायला बसले.

माझा धाकटा भाऊ तेव्हा विमानतळावरच्या नोकरीसाठी निवडला गेला होता. काम सामान चढवण्याचं, पण नोकरी पक्की. फक्त पोलीस पडताळणी बाकी होती, आणि आई तर पेढे वाटूनही मोकळी झाली होती. अशा वेळी हा गाढव मॅचवर पैसे लावायला कोपर स्टेशनजवळच्या एका खोलीवर गेला आणि धाडीत सापडला. मला त्याचा अजून संताप येतो.

सकाळी बाबा आणि मी चौकीत गेलो. अधिकारी माणूस वाईट नव्हता. पकडलेल्यांत खेळायला आलेले कोण आणि अड्डेवाल्याची माणसं कोण, एवढंच त्याला ठरवायचं होतं. खेळणारे दंडावर सुटण्यासारखे होते. भाऊ नेमका दारात उभा असताना सापडला होता, म्हणून त्याच्यावर संशय.

बाबांनी हात जोडले. "साहेब, माझा मुलगा तसला नाही. तो नुसता पंटर आहे."

अधिकाऱ्याने मान वर केली. "कोणाचा?"

या प्रश्नाने बाबा गोंधळले. गिऱ्हाईक कोणाचं, असंच त्यांना वाटलं असणार. "त्यांचाच की," ते म्हणाले, "त्या अड्डेवाल्यांचा."

शेजारच्या हवालदाराने ते लिहूनही घेतलं. मी मध्ये पडले, बाबांच्या शब्दाचा अर्थ सांगितला, वर आमच्या ऑफिसातलं इंग्रजीही सांगितलं. अधिकारी शांतपणे म्हणाला, मॅडम, हे कोर्टात सांगा.

भाऊ जामिनावर सुटला तो अड्डेवाल्याच्याच वकिलामुळे, कारण आता तो त्यांचा माणूस ठरला होता. विमानतळाची नोकरी गेली. नंतर जिथे जाईल तिथे केसचा विषय निघायचा आणि कळवतो म्हणून वाटेला लावायचे. बाबांना तो एका शब्दाने बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला फार वाटतं. तो वर्षभर घरी बसल्यावर अड्डेवाल्याने निरोप धाडला, आणि हा त्याच्याकडे कामाला गेला.

परवा दुपारी बाबांनी मला पुन्हा विचारलं, तुमच्या इंग्रजीत पंटरचा अर्थ गिऱ्हाईकच ना? मी हो म्हटलं. मग मी काय चुकीचं बोललो, असं म्हणत ते माझ्याकडे बघत राहिले.

भाऊ आरशासमोर शर्टाची बटणं लावत होता. "सोडा ना, बाबा," तो अगदी मायेनं म्हणाला. "आता बरोबरच आहे ते."