भांड्यांचं मशीन आणि रशीदभाईंच्या सतरा गाद्या

मी घरातलं भांडी धुण्याचं मशीन स्वतःच्या हातानं दुरुस्त करायला घेतलं, त्या दुपारी खालच्या दुकानातल्या सतरा गाद्या भिजल्या.

माझा हेतू चांगला होता. (हे मी नंतर रशीदभाईंनाही सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.)

आम्ही वर्ध्याकडच्या सिंदी रेल्वे या गावात राहतो. वर आम्ही नवराबायको, खाली आमचे भाडेकरू रशीदभाई आणि त्यांचं गादीचं दुकान. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या सौभाग्यवती, सुनंदाबाई, स्कूटीवरून पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. आठ दिवस भांडी मी घासली. नवव्या दिवशी बंगळुरूची लेक, प्रज्ञा, व्हिडिओ कॉलवर आली, तिनं मागे ओट्यावर ठेवलेली मी घासलेली कढई पाहिली आणि तिथल्या तिथं मशीन मागवून टाकलं.

मशीन आलं तेव्हा नवी सून बघायला याव्यात तशा आळीतल्या बाया ते बघून गेल्या. महिनाभर त्यानं इमानेइतबारे काम केलं. मग एका रविवारी सुनंदाच्या तिघी बहिणी जेवायला आल्या, पाटोडीचा रस्सा झाला, झाडून सगळी भांडी मशीनमध्ये गेली, आणि मशीननं मध्येच तीन शिट्या मारून जीव सोडला. दार उघडलं तर आत घोटाभर लाल पाणी, त्यावर तेलाची तर्री, आणि तर्रीत आमच्या वाट्या!

कंपनीला फोन केला. माणूस नागपूरहून येणार, तोही गुरुवारी. सोमवार ते गुरुवार भांडी कोण घासणार, हे वेगळं सांगायला नको.

"बाबा, मशीनला हात लावू नका," प्रज्ञा फोनवर म्हणाली.

"काऊन? मले समजत नाई का?"

"बाबा, प्लीज!"

आता हे तुम्हीच बघा. मी पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढलेली. अख्ख्या तालुक्याला पाणी पाजलेला माणूस! आणि ही पोरगी मला बादलीभर पाण्याला हात लावू नको म्हणते?

सोमवारी जेवण उरकून मी बाह्या सरसावल्या. मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस कोणती भाषा बोलत होता देव जाणे, पण त्याच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास मला ओळखीचा वाटला. आधी प्लग काढला. (त्या दिवशी मी बरोबर केलेली ही एकमेव गोष्ट.) मग मगानं पाणी उपसलं. तळाची जाळी काढली. त्यात भात, तेजपान आणि सुनंदा आठ दिवस शोधत होती ते चहाच्या गाळणीचं दांडकं निघालं.

"सापडलं!" मी ओरडलो.

"मशीन चालू झालं का?" ती बाहेरून.

"नाई, दांडकं सापडलं!"

जाळी धुतली, बसवली, प्लग लावला, बटण दाबलं. तीन शिट्या. म्हणजे बिघाड आणखी खोल होता. खोल म्हणजे मागच्या बाजूला. पुन्हा प्लग काढला. आता मशीन भिंतीपासून ओढायचं, आणि त्यासाठी मागची पाण्याची नळी सोडवायची. सिंकच्या खाली दोन नळ होते, एक पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरचा आणि एक मशीनचा. मी वाकलो, एक नळ घट्ट बंद केला आणि नळी फिरवून काढली.

नळ चुकला होता.

गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीतलं पाणी थेट माझ्या तोंडावर आलं! चष्मा गेला. मोबाइलमधला तो माणूस अजून आत्मविश्वासानं बोलतच होता. मी आंधळ्यासारखा हात मारत नळाचं तोंड शोधलं आणि त्यावर अंगठा दाबला. पाणी थांबलं नाही, फक्त तीन दिशांना विभागलं गेलं. त्यातलं बरंचसं ओट्याखाली जायला लागलं. तिथं घर बांधताना पाइपासाठी स्लॅबला पाडलेलं एक भोक होतं. ते आपण कधी बुजवलंच नाही, हे मला त्याच क्षणी आठवलं.

सुनंदा धावत आली आणि दारातच थबकली. "अवो, हे काय करून राह्यले?"

"दुरुस्ती!"

तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. खालून रशीदभाई! माझे दोन्ही हात नळावर. सुनंदानं आपल्या एकुलत्या एक चांगल्या हातानं फोन माझ्या कानाला लावला.

"साहेब! पानी येऊन राह्यलं ना!"

एकतीस वर्षांची सवय वाईट असते. पाण्याबद्दल कुणाचाही फोन आला की माझं डोकं बंद पडतं आणि तोंड चालू होतं.

"येऊन राह्यलं ना? मग तक्रार काय हाये?"

"अरे साहेब, वरून येऊन राह्यलं! गाद्यायवर!"

"बरं. उद्या माणूस पाठवतो."

मग रशीदभाई एवढ्या जोरात ओरडले की फोनची गरज राहिली नाही, भोकातूनच ऐकू आलं.

मी अंगठा सोडला आणि गच्चीकडे धूम ठोकली. टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला की खेळ खलास! पण घर बांधल्यापासून त्या व्हॉल्व्हला कुणी हात लावला नव्हता. मी जोर लावला. हलेना. पाय भिंतीला टेकवून पुन्हा जोर लावला. चाक फिरलं, फिरलं आणि अलगद माझ्या हातात आलं. व्हॉल्व्ह जागच्या जागी, उघडा. मी चाक हातात धरून भर उन्हात उभा, एसटीचं स्टिअरिंग उपटून आणल्यासारखा.

खाली आलो तर स्वयंपाकघरात शांतता. पाणी थांबलेलं.

"कसं थांबलं?" मी विचारलं.

"दुसरा नळ बंद केला म्या," सुनंदा म्हणाली. "डाव्या हातानं."

आम्ही दुकानात उतरलो. रशीदभाई स्टुलावर बसले होते. ओरडत नव्हते, नुसते वर त्या भोकाकडे बघत होते. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. केळझरच्या एका लग्नघरची ऑर्डर होती. सतरा नव्या गाद्या, शिवून, एकावर एक रचून तयार. सगळा ढीग बरोबर भोकाखाली!

"गुरुवारी सकाळी गाडी येनार, साहेब," ते हळूच म्हणाले. "पोरीवाल्याकडची ऑर्डर हाय. पावने कुठी झोपतीन?"

आतापर्यंत मला सगळ्याचं थोडं हसूही येत होतं, खरं सांगतो. ते तिथं संपलं. मी त्या ढिगावर हात ठेवला तर बोटं आत रुतली आणि बाजूनं पाण्याची धार निघाली.

"गच्चीवर नेऊ," मी म्हणालो. "ऊन हाये. दोन दिवसांत वाळतीन."

कोरडी गादी एक माणूस उचलतो. भिजलेली गादी चार माणसांना खाली ओढते! आळीतली माणसं मदतीला आली. जिन्यात एक गादी निसटली आणि माझ्यासकट सात पायऱ्या खाली गेली. (गादी खाली होती आणि मी वर, एवढं नशीब.) खोळी उसवून सगळा कापूस गच्चीभर पसरला. वैशाखाचं वर्ध्याकडचं ऊन! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वरचा कापूस हलका झाला, आणि नेमकी तेव्हाच वावटळ आली.

भर वैशाखात सिंदीत बर्फ पडला! समोरच्यांच्या कुरडयांवर, तारेवरच्या कपड्यांवर, दारात बांधलेल्या म्हशीच्या पाठीवर, सगळीकडे आमचा कापूस. सुनंदा एका हातानं कपाटातल्या साड्या आणून पसरत होती. तिची ठेवणीतली पैठणीसुद्धा तिनं कापसावर टाकली. तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती, आणि ते एका अर्थी चांगलंच झालं. मी घरोघरी टोपली घेऊन हिंडलो. "थोडा कापूस आला असन तर द्या जी!" म्हशीच्या पाठीवरचाही वेचून आणला.

बुधवारी रशीदभाईंनी कापूस पुन्हा पिंजला, खोळी भरल्या. शिवायला हात कमी पडत होते, म्हणून मी दाभण घेऊन बसलो.

"साहेब, टाका सरळ घाला. हे नालीचं काम नाय."

पहिली गादी तीन वेळा उसवायला लावली त्यांनी. चौथ्या गादीला काही बोलले नाहीत. संध्याकाळी सतरावी गादी झाली आणि रशीदभाईंनी तिच्यावर थाप मारून बघितली. मग सोमवारनंतर पहिल्यांदा हसले, आणि माझ्यासाठी चहा मागवला. गुरुवारी सकाळी गाडी वेळेवर निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत मी रस्त्यात उभा होतो.

वर येतो तो नागपूरचा मेकॅनिक हजर. त्यानं मशीनमध्ये हात घातला, एक झाकण सरकवलं, दोन बोटांनी काहीतरी उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. लिंबाची बी.

"पंपात अडकली होती. झालं, काका."

"एवढंच?"

"एवढंच. पण हे मागून कोनं खोललं?"

मी खिडकीबाहेर बघितलं. सुनंदानं प्लास्टरचा हात माझ्याकडे केला.

"काका, आधी कोनत्या लाइनमदी होते तुमी?" त्यानं आदरानं विचारलं.

"वनखात्यात," मी म्हणालो.

सुनंदाचं प्लास्टर आता निघालंय. रशीदभाई लग्नसराईत मला हटकून बोलावतात, आणि मी टाके सरळ घालतो असं गिऱ्हाइकांना सांगतात. घरात मात्र नवी पद्धत पडली आहे. पंखा कुरकुरला, मिक्सर अडला, साधी कडी जरी ढिली झाली, तरी सुनंदा म्हणते, "खाली जा जरा, रशीदभाई बोलावून राह्यले." मी खाली जातो. रशीदभाईंनी बोलावलेलं नसतं. तेवढ्यात वरून आधी दाराला आतून कडी लावल्याचा आवाज येतो, आणि मग मेकॅनिकला फोन लावल्याचा.