मागचं वजन

धक्क्यावर त्याला सगळे कप्तान म्हणायचे. बोट म्हणाल तर दोन माणसं आणि मासळीच्या चार टोपल्या एवढ्यातच गच्च होणारी, पण हा माणूस तिच्यात असा ताठ उभा राहायचा की कुणीतरी गमतीने नाव ठेवलं आणि ते चिकटलं. मग त्याची बायको आपोआप कप्तानीण झाली. या कप्तानिणीने जन्मात कधी बोटीत पाय ठेवला नव्हता. पाणी हललं की तिच्या पोटात ढवळायचं. लग्नानंतर एकदा हौसेने काठावर गेली, बोटीकडे नुसतं बघितलं आणि परत फिरली. तिची जागा वेगळीच होती. ती ट्रकच्या मागे बसायची.

हे जरा नीट सांगायला हवं. त्या धक्क्यावर बोटी बांधून ठेवायची सोय नव्हती. वारा फिरला की दगडांवर आपटून बोटीचा चुरा. म्हणून ज्याने त्याने आपली बोट ट्रेलरवर चढवून, गाडीला जोडून घरी न्यायची आणि सकाळी परत आणायची. पाण्यात उतरायला सिमेंटचा उतार होता आणि त्याच्या खालच्या अंगाला बारा महिने शेवाळं. बोट पाण्यात सोडताना काही अडचण नसे. गाडी मागे मागे नेली की ट्रेलर पाण्यात जातो आणि बोट तरंगते. खरी गंमत वर ओढताना. कप्तानाच्या छोट्या ट्रकचा सगळा जोर मागच्या दोन चाकांवर आणि नेमकी तीच चाकं शेवाळ्यात. ती जागच्या जागी गरगर फिरायची. त्यावर धक्क्यावरच्या लोकांचा जुना उपाय म्हणजे मागच्या हौद्यात, बरोबर चाकांच्या वर, वजन ठेवायचं. बाकीचे वाळूची पोती टाकायचे. कप्तान बायकोला बसवायचा.

लोक हसायचे. हसू देत. पोत्याला कान नसतात, कप्तानिणीला होते. चाक घसरण्याआधी त्याचा आवाज किंचित बारीक होतो, तो तिला कळायचा. त्या क्षणी ती दोन्ही हातांनी कड धरून, अंग वर उचलून असं काही दाणकन बसायची की चाक सिमेंट पकडायचं आणि गाडी सरसर वर यायची. वर आल्यावर ती हौद्याच्या पत्र्यावर दोन थापा मारायची. म्हणजे झालं, चला घरी. तिचं अंग चांगलं भरलेलं होतं आणि त्याची तिला लाज वगैरे काही नव्हती. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणायची, "मी माझ्यासाठी थोडीच खातेय? गाडीसाठी खातेय." संसाराची सगळी वर्षं असं चाललं. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन लांब गेली, ट्रकचा पत्रा खाऱ्या पाण्याने कुरतडला गेला, पण रोज दुपारी उतारावर त्या दोन थापा वाजायच्याच.

आणि मग गाडी घसरायला लागली.

आधी अधूनमधून, मग रोज. कप्तानाने आधी शेवाळ्याला शिव्या दिल्या. तारेचा ब्रश घेऊन अर्धा उतार घासून काढला, गुडघे सोलून घेतले. तरी घसरायचीच. मग टायर बदलले. नवे टायर दोन दिवस बरे वागले आणि त्यांनीही तोच हट्ट धरला. त्याला वाटलं, क्लच गेला. गाडी म्हातारी झालीये, जोर खाली चाकांपर्यंत पोचतच नाही, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. कप्तानीण मागून ओरडायची, "अहो, मी बसलेय ना नीट!" आणि बिचारी पुन्हा पुन्हा अंग उचलून आपटायची. घरी गेल्यावर तिची कंबर दुखायची. तो तेल चोळून द्यायचा आणि चोळता चोळता गाडीला नावं ठेवायचा. हात तिच्या पाठीवर आणि डोकं क्लचमध्ये. अशा माणसाला काय म्हणावं?

शेवटी त्याने मेहुण्याला बोलावलं. कप्तानिणीचा हा धाकटा भाऊ गाड्यांचा मेकॅनिक. कमी बोलणारा, नखांत कायम काळं तेल. त्याने इंजिन ऐकलं, क्लच बघितला, गाडीखाली झोपून आला. खालची चौकट सडत आली होती, पण चाकं घसरण्याचं कारण काही सापडेना. मग म्हणाला, "दाजी, एकदा बोट ओढा बघू."

कप्तानाने ओढली. चाकं गरगरली.

मेहुण्याने चाकांवरून नजर उचलून हौद्यात बसलेल्या बहिणीकडे पाहिलं. मग म्हणाला, "ताई, तू खाली उतर. मी बसतो."

तो तसा काही धिप्पाड गडी नव्हता. पण तो मागे बसला आणि गाडी एका दमात वर आली. घसरणं नाही, काही नाही. कप्तानाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि खुशीत ओरडला, "अरे, केलंस काय तू? जादूगार आहेस की!"

मेहुणा खाली उतरला. बहिणीकडे गेला. तिच्या स्वेटरची बाही त्याने दोन बोटांत धरली. बाहीत हात होता की नव्हता, इतकी ती सैल होती. "ताई," तो म्हणाला, "डॉक्टरकडे कधी गेली होतीस?"

ती हसली. "अरे, बारीक झालेय जरा. एवढी वर्षं होत नव्हते, आता झाले. चांगलंच आहे की." आणि खरंच तिला ते चांगलं वाटत होतं. जुने कपडे बसायला लागले म्हणून आरशासमोर दोनदा उभी राहिली होती. नवऱ्यानेही चेष्टा केली होती, आता काय, नवरी दिसायला लागलीस. भूक लागत नाही, हे तिने कौतुकाने सांगितलं होतं आणि त्याने कौतुकाने ऐकलं होतं.

चाकं घसरावीत असा गाडीत कसलाही बिघाड नव्हता. ती एकटीच खरं सांगत होती आणि तो तिचे टायर बदलत बसला होता.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. पोटातला आजार होता, पसरला होता, उशीर झाला होता. ऑपरेशनने काही साधणार नव्हतं. दुखणं कमी राहील एवढं बघू, म्हणाल्या. कप्तान खुर्चीत बसून राहिला. त्याला दवाखान्याच्या भिंतीचा रंग सोडून दुसरं काही दिसेना. बाहेर आल्यावर कप्तानीण म्हणाली, "आधी गाडीचं बघा."

"गाडीचं काय आता?"

"जुनी मोडीतच निघालीये. खालची चौकट सडलीये, भाऊ म्हणाला. दुसरी घ्यावीच लागणार. मी आहे तोवर घ्या. चारही चाकांवर जोर असलेली घ्या."

तिचं म्हणणं सरळ होतं. चारही चाकं ओढणारी गाडी असली की पुढची दोन चाकं कोरड्या सिमेंटवर राहतात. मागची घसरली तरी पुढची ओढतात. मागे कुणी बसायला नको. नेमकं हेच कप्तानाला नको होतं.

मेहुणा घरी आला, जेवणाच्या टेबलावर बसला आणि काड्यापेटीची गाडी करून त्याने सगळं समजावलं. पुढच्या चाकांवर जोर असलेली गाडी चढावर बोट ओढताना नाक वर करते, पुढची चाकं हलकी होतात, ती बादच. मागच्या चाकांवरची म्हणजे आताची. तिसरी, स्वतःच ठरवून चारही चाकांना जोर देणारी, पावसाळी रस्त्याला उत्तम. आणि चौथी दांड्याची, म्हणजे गिअरशेजारी एक जादा दांडा असलेली. एरवी मागच्या दोन चाकांवर चालते. गरज पडली की दांडा टाकायचा, चारही चाकं लागतात आणि खालचा गिअर मिळतो. भरलेली बोट ओढायला तीच खरी.

"मागच्या चाकांवरची पुरे," कप्तान म्हणाला. "साधी गाडी, बिघडायला काही नाही."

"आणि मागे कोण बसणार?" कप्तानिणीने विचारलं.

"तू आहेस ना."

मेहुण्याने काड्यापेटी खिशात टाकली आणि पाणी प्यायला म्हणून उठून आत गेला.

"मी आहे," कप्तानीण म्हणाली, "पण माझ्यात आता काय राहिलंय? आणि अजून किती दिवस? मी गेल्यावर उतारावर उभं राहून हाका मारणार का, या हो कुणीतरी बसायला? की दुसरी बाई आणणार? आणायची तर मी होते तशी भरलेली बघा, एखादी सुकडी काय कामाची."

तो चिडला. ताट सरकवून उठला, दार आपटून बाहेर गेला आणि अंगणातल्या बोटीला टेकून उभा राहिला. त्याला बायकोचा राग आला होता, मेहुण्याचा आला होता, चारही चाकांना जोर देण्याचा शोध लावणाऱ्या कोण कुठल्या माणसाचाही आला होता. इतक्या वर्षांत त्याने तिला कधी प्रेमाचं काही सांगितलं नव्हतं. जे काय होतं ते त्या उतारावर होतं. तो पुढे, ती मागे, आणि दोघांच्या मधे ट्रकची मागची काच. ती गाडीवरून उतरली की मग आपलं काय उरतं, हे त्याला समजेना. आणि अंगणात, कुणी बघत नाही असं वाटून, तो रडला. कप्तानिणीने खिडकीतून पाहिलं होतं. तिने त्याला बोलावलं नाही, रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "बरं. दांड्याची घेऊ."

सगळ्यांना बरं वाटलं. मेहुण्याला वाटलं, दाजींना पटलं. पण कप्तानाच्या मनात वेगळंच होतं. दांड्याची गाडी निवडण्याचं त्याचं कारण एकच होतं: दांडा टाकला नाही तर ती जुन्या गाडीसारखीच चालते.

मेहुण्याच्या ओळखीत तसा एक वापरलेला ट्रक निघाला. मालक म्हणाला, आधी बोट ओढून बघा, मग बोला. वारा नसलेली एक सकाळ बघून तिघं धक्क्यावर गेली. मेहुण्याने उताराच्या कडेला, अगदी पाण्याजवळ, घडीची खुर्ची मांडली आणि बहिणीला शाल गुंडाळून बसवलं. "मला बघायचंय," ती म्हणाली होती. "बाहेरून कसं दिसतं ते मी कधी बघितलंच नाही."

बोट पाण्यात सोडली, पुन्हा ट्रेलरवर घेतली, करकचून बांधली. मेहुणा वर जाऊन उभा राहिला. कप्तानाने गिअर टाकला. दांड्याला हात लावला नाही.

चाकं गरगरली. शेवाळं उडालं, रबराचा वास सुटला, गाडी तसूभर मागेच सरकली. कप्तानाने पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी त्याला आत कुठेतरी आनंद झाला. बघा म्हणावं. नाही जमत. हिच्याशिवाय नाही जमत.

मग त्याला आरशात दिसलं, कप्तानीण खुर्चीतून उठली होती. शाल सावरत, एक हात ट्रकला टेकत ती येत होती. ही मागे चढतेय. या अवस्थेत. आपण तिला चढायला लावलंय. पण ती हौद्यापाशी थांबली नाही. तशीच पुढे आली आणि खिडकीत उभी राहिली. एवढ्याने तिला धाप लागली होती.

"पुढची चाकं फिरत नाहीयेत," ती म्हणाली.

तो समोरच बघत राहिला.

"दांडा टाका."

"अगं, टाकलाय."

"मला शिकवता? दोन चाकांचा आवाज आहे हा. जन्मभर त्याच्यावर बसलेय मी." मग तिचा आवाज खाली आला. "अहो, मी जाणारच आहे. तुम्ही दांडा टाकला नाही म्हणून मी राहणार आहे का?"

"मला नाही जमणार," तो म्हणाला. ते गाडीबद्दल नव्हतं.

"जमेल. मी इथे उभी आहे तेवढ्यात टाका. मी बघितलं की मला झोप लागेल नीट. रोज रात्री मला तुम्ही या शेवाळ्यात अडकलेले दिसता, आणि मागे कुणी नसतं."

तिने खिडकीतून हात आत घातला आणि त्याच्या गालावर ठेवला. भर धक्क्यावर, दिवसाउजेडी. असं तिने कधी केलं नव्हतं. मग हात काढून घेतला आणि दोन पावलं बाजूला झाली.

कप्तानाने क्लच दाबला आणि दांडा टाकला. कुठेतरी खाली दातात दात बसल्यासारखं खट्ट झालं. त्याने क्लच सोडला आणि गाडी चालायला लागली. किती सहज चालली! कुठे धक्का नाही, कुठे आवाज बारीक होणं नाही. बोट पाण्यातून निघाली, गळत गळत मागून येऊ लागली. आरशात रिकामा हौदा होता, त्यामागे बोट, आणि बाजूला, पाण्याच्या कडेला, शाल धरून उभी असलेली ती. गाडी चढत गेली तशी ती लहान होत गेली. त्याला ब्रेक मारावासा वाटला. पण भरली बोट घेऊन उतारावर मधे थांबायचं नसतं, हे त्याला सगळ्या जन्मात कुणी शिकवलं असेल तर तिनेच. तो थांबला नाही. गाडी वर पोचेपर्यंत त्याला समोरचं काही दिसत नव्हतं, डोळे असे भरले होते.

वर पोचल्यावर त्याने हँडब्रेक ओढला, गाडी मेहुण्याच्या हवाली केली आणि तो खाली धावला. तिचे बूट पाण्याने भिजले होते. चेहरा मात्र हसरा होता.

"आली ना?" ती म्हणाली. "किती सोपं होतं हो. मी आपली उगाच बसले इतकी वर्षं."

"उगाच नाही," तो म्हणाला. "तू होतीस म्हणून मी रोज परत यायचो." एवढं बोलून त्याने तिची घसरलेली शाल नीट केली.

"आता तरी सांगितलंत," ती म्हणाली. मग चढाकडे बघून हळूच म्हणाली, "मला नाही चालवणार वर."

त्याने वाकून तिला उचललं. लग्नाच्या नव्या दिवसांत एकदा गमतीने उचलायला गेला होता, तेव्हा दोघं धाडकन जमिनीवर आली होती आणि पोट धरून हसली होती. आता त्याचंही वय झालं होतं, पाय शेवाळ्यात होते, चढ तोच होता. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. मेहुण्याने वरून विचारलं, दाजी, येऊ का हात द्यायला? कप्तानाने मानेनेच नको म्हटलं. तो तिला घेऊन सबंध उतार चढून आला आणि दम घ्यायला म्हणून त्याला कुठे एकदाही थांबावं लागलं नाही.